तपासनीसाचे शेरे

एकतीस वर्षं नोटा तपासल्या, नाशिकरोडला.
शाई फुटलेली, आकडा सरकलेला, कड तिरकी.
बोटांना आधी कळायचं, डोळ्यांना मागून.
आता निवृत्त. आता कादंबऱ्या तपासते.
जेल रोडचं वाचनालय, महिना ऐंशी रुपये, एका वेळी दोन पुस्तकं.
गायधनीबाई विचारतात, "पुन्हा राक्षसांचंच का हो?"
म्हटलं, एक राक्षसांचं, एक यानांचं.
उपासाला दोन्ही चालतं.

पहिल्याला सहाशे पानं, आणि सुरुवातीलाच नकाशा.
नकाशा देखणा. नद्या मात्र डोंगर चढून जातात.
ज्याने ब्रह्मगिरी उतरताना
पाणी कुठून कुठे पळतं ते पाहिलं नाही
त्याने नद्या काढू नयेत, एवढंच.
आकाशात दोन चंद्र.
मग चतुर्थी कुठल्या चंद्राची?
समासात लिहिलं, पेन्सिलीने, फिकट
(पुस्तक वाचनालयाचं, दंड माझा).
ड्रॅगन अख्खं खोरं जाळतो, पान दोनशे तीन.
पान दोनशे नऊवर मेजवानी, ताटात द्राक्षं.
कुठून आली?
निफाडला अर्धा तास गारा पडल्या
तर आमच्या मंडईत महिनाभर भाव बोलतो.

नायकाच्या खांद्यावर जन्मखूण आहे, असणारच.
मला तबेल्यातला दुसरा पोरगा आवडला होता,
घोड्यांना पाणी दाखवून आधी स्वतः एक घोट घेणारा.
त्याला मारलं, नायकाला राग यावा म्हणून.
नावसुद्धा दिलं नव्हतं.
मी ठेवलं. सांगणार नाही.

दुसरं मंगळावरचं.
तीनशे माणसं, सात वर्षं,
हवा मोजतात, पाणी मोजतात, एकमेकांचे श्वास मोजतात,
आणि भांडी कोण घासतं
हे लेखकाने शेवटपर्यंत लपवून ठेवलंय.
त्या पुस्तकातलं तेवढंच रहस्य मला उलगडलं नाही.

वरच्या मजल्यावरचा शर्विल म्हणतो,
"काकू, लॉजिक काय शोधता? कल्पना आहे ती.
आठ भाग आहेत, पाचव्यात मजा येते."
म्हटलं, बाळा, पाचव्या भाकरीला चव येईल म्हणून
चार कच्च्या खायच्या का?
आणि ऐक, खोटं जितकं मोठं
तितका कागद चांगला लागतो.
तो हसला. मग आठही भाग आणून ठेवले टीपॉयवर.
तिसऱ्यात आहे मी सध्या. बरं चाललंय. त्याला बोलले नाही.

पण एक पुस्तक.
बारकं, पाठीला चिकटपट्टी, कोणी नेलेलं नव्हतं.
एका गावात शिरताना वेशीवर सावली जमा करावी लागते.
एक कारकून त्या मोजतो, घडी घालतो, फडताळात रचतो.
एका संध्याकाळी एक सावली जास्त भरते.
बस, एवढीच गोष्ट.
युद्ध नाही, भविष्यवाणी नाही.
तो पुन्हा मोजतो. पुन्हा एक जास्त.

आमच्याकडे एकदा एक कागद कमी भरला होता.
दरवाजे बंद. रात्रीचे साडेनऊ.
घरी पोर तापाने फणफणलेलं,
आणि आम्ही चाळीस बायका
टेबलांखाली गुडघ्यांवर,
एकमेकींकडे बघत नव्हतो.
कागद सापडला, यंत्राच्या पायाशी, तेलात.
कोणी काही बोललं नाही.
बसमध्येही नाही.

लिहिणारी बाई कुठली कोण,
असल्या टेबलाखाली ती कधी वाकली नसणार.
मग तिला कसं कळलं
की मोजणाऱ्याचं आधी तोंड कोरडं पडतं?
कारकून ती सावली डब्यात घालून घरी नेतो.
इथे माझा चहा गार झाला.
दोष शोधला. एक मिळाला, पान एकशे बारा,
शुद्धलेखनाचा.
पेन्सिल उचलली, ठेवून दिली.

अकरा दिवस उशीर, बावीस रुपये दंड.
गायधनीबाई म्हणाल्या, "एवढं आवडलं?"
म्हटलं, ठीक आहे.

येताना बिटको चौकात दिवे लागले होते.
इतक्या दिव्यांत माणसाला तीन-चार सावल्या पडतात.
मोजल्या.
सिग्नल सुटला, मागचा रिक्षावाला ओरडला,
मी परत पहिल्यापासून.