हात वर करा

व्यायामशाळेला नाव द्यायचंय.
ग्रामसभा शाळेच्या पटांगणात,
एका कडेला घेवड्याची पोती अजून तशीच,
व्यापाऱ्याचा टेम्पो आला नाही म्हणून.
विषय क्रमांक चार : कैलासवासी सुभेदार जोतीराम फडतरे,
मुष्टियुद्ध, हेवीवेट, देशात पहिला.

"पहिला, पन कशात?" म्हातारे विचारतात.
"अंगाला लाल माती नाय, खांद्याव गदा नाय,
हाताला पिशव्या बांधून मारामारी."
कोरेगाव तालुक्यात पैलवान म्हटलं की
आधी कान बघतात.
जोतीरामचे कान लहान पोरासारखे सरळ होते.
मोडलं होतं ते नाक.

पोरांकडं वेगळा हिशोब.
कारखान्याच्या गेटवर वीस वर्षं वॉचमन,
गावातल्या एकाला ठोसा शिकवला नाही,
पदक विकलं का गहाण टाकलं, यावर दोन गट.
संपाच्या वेळी त्यानं एकट्यानं गेट अडवलं
हे सगळ्यांना मान्य.
कुणाच्या बाजूनं, यावर पुन्हा दोन गट.

आणि मधल्या रांगेत बबन बसलाय. धाकटा भाऊ.
चौऱ्याऐंशी साली, बांधावरून,
एकच बसली होती, उघड्या पंजाची.
डावा कान तेव्हापासून गेला.
ना घंटा वाजली होती, ना कोपरे होते,
आणि वजनात तीस किलोंचा फरक.

मला बोलायला सांगतील म्हणून मी चष्मा पुसत बसलोय.
त्या फायनलला मी पंच होतो, पाचांतला एक.
गाव समजतं, गुरुजींनी आपल्या माणसाला कौल दिला.
त्या जोरावर आजवर लग्नांत पहिल्या पंगतीला बसलो,
आग्रहानं वाढलेली जिलबी खाल्ली.
निकाल तीन विरुद्ध दोन.
माझी चिठ्ठी दोनांतली.
निळ्या कोपऱ्यातला रेल्वेचा पोरगा बारीक होता,
पण त्याचा प्रत्येक ठोसा मोजता येत होता.
जोतीरामचे नुसते मोठे होते.
हा फरक त्या वयात मला फारच पक्का ठाऊक होता.

पुढं कधीतरी सातारा स्टँडवर,
पुसेगाव गाडीची वाट बघताना, तो शेजारी येऊन बसला.
"सर, तुमची चिठ्ठी बराबर हुती."
कुठली चिठ्ठी, म्हटलं मी.
"तिसऱ्या फेरीत मला कायबी दिसत नव्हतं.
उभा हुतो, येवढंच.
बाकीच्यांनी उभं ऱ्हायाचं गुण दिलं."
मग त्यानं चहा उचलला
आणि हात असा हलला
की अर्धा बशीत, अर्धा पँटवर.
तो पुसत राहिला.
मी गाड्यांच्या पाट्या वाचत राहिलो,
दहिवडी, वडूज, दहिवडी.

आता हौसाबाई उठल्यात, पदर खोचून.
"नाव द्या, न्हायतर नका देऊ.
शेवटची चार वर्सं त्येंच्या शर्टाच्या गुंड्या
मी लावल्या. त्येबी लिवा मग."
सरपंच म्हणतात, वहिनी, पाटीवर तेवढी जागा नाही.

कुणीतरी हसतं. कुणीतरी त्याला गप्प करतं.
"चला, हात वर करा," सरपंच म्हणतात,
"आणि मोजायला गुरुजी, तुम्ही. पंच तर तुम्हीच."

मी पोत्यांच्या बाजूनं सुरू करतो.
एकोणीस. सव्वीस. हौसाबाईंचा नाही.
एक्केचाळीस.
मधल्या रांगेत बबनचा हात निघतो,
खांद्याच्या वर येतो,
आणि उजव्या कानामागं पंजा होऊन थांबतो.
"काय म्हनला त्यो?"
शेजारचा वाकून मोठ्यानं सांगतो, पूर्ण नाव घेऊन.
बबन मान हलवतो.
हात तिथंच.

"किती झाले, गुरुजी?"
मी अजून त्याच हाताकडं बघतोय.