तिकीट

प्रेसचा भोंगा झाला की नाशिकरोड जेवायला बसायचं.
चौतीस वर्षं मी भिंगाखाली टपाल तिकिटं तपासली.
आत जाताना झडती, बाहेर येताना झडती,
एक कपटा खिशातून आणायची बिशाद नव्हती.

पुढारी कितीही मोठा असो,
चेहरा माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा.
रंग केसभर सरकला, ओठ गालावर गेले,
की अख्खा ताव बाद.
मी मारलेली लाल फुली
कुणा मंत्र्याने पुसल्याचं आठवत नाही.

आणि तिकिटावर यायचं तर आधी मरावं लागे.
असा नियम कुठे वाचला नाही, पण बहुतेक रिवाज तसा.
बरा होता.

आता बिटको चौकात
सिग्नलच्या अंगावर उत्तमराव खेलूकर उभे आहेत
चाळीस फूट, जिवंत, हात जोडून.
वाढदिवस मार्चातच झाला.
लाल दिवा त्यांच्या कोपरामागे,
माणसं अंदाजाने थांबतात.
पायाशी शुभेच्छुक, तावावरच्या तिकिटांसारखे चिकटून,
मधे छिद्रंसुद्धा नाहीत
की एखादा फाडून वेगळा करावा.

सवयीने एक डोळा मिटून बघतो.
उत्तमरावांचा उजवा डोळा दोन बोटं वर छापलाय.
बाद, मी म्हणतो.
रिक्षावाला विचारतो, कुठं जायचंय बाबा?

त्यांना पहिलं तिकीट मिळालं तेव्हा
छिद्रांच्या यंत्रावरचा सॅम्युएल रणपिसे म्हणाला होता,
डिंक बघ याचा,
दोन्ही बाजूंनी लावलाय.
पुढे तिकीट कापलं गेलं, तर पलीकडचं मिळालं.
मग तिसरीकडचं.
आम्ही तेच.
जुन्याच पाकिटासारखे, वर नवा पत्ता.

वालदेवीकडच्या आमच्या गल्लीत चेंबर फुटलं.
गयाबाईंचा नातू पडला, कपाळाला चार टाके.
मी पत्र लिहिलं.
यादीतला अनुक्रमांक घातला, तिकीट लावलं, कोपऱ्याशी काटकोनात.
तेराव्या दिवशी परत.
पोस्टमन म्हणाला, पक्ष बदलला तसा शटरचा रंग बदलला,
मग गाळाच सोडला.
आणि तसेही ते आता नगरसेवक नाहीत, काका,
कुणीच नाही. मुदत संपली.
प्रशासक बघतो सगळं.
मी विचारलं, कुणाकडे?
तो हसला आणि सायकलवर बसला.

तिकिटावर शिक्का पडलेलाच नव्हता.
सॅम्युएल म्हणाला, चहाच्या वाफेवर धर, सुटेल, पुन्हा चालव.
मी नाही धरलं.
तिच्यावर एक बाई होती,
बेचाळीस साली पदराखाली पत्रकं घेऊन
निफाडपर्यंत चालत गेलेली.
तिचा ताव मीच पास केला होता.
नाव खाली इतकं बारीक, की
खरं सांगतो,
मीही विसरलो.

शेवटी मतदान झालं.
शाळेच्या वर्गात, बालवाडीच्या बुटक्या बाकाशी वाकून
कुणा शिक्षिकेने बोटावर शाई ओढली.
बाहेर येऊन मी सॅम्युएलला नख दाखवलं.
म्हटलं, रद्द. पाच वर्षांसाठी.
तो चिडला.
अरे येड्या, शिक्का म्हणजे रद्द नाही,
शिक्का म्हणजे टपाल निघालं.
पोचलं का?
ते, म्हणाला, मी छिद्रंवाला काय सांगू,
आणि स्कूटरला किक मारत राहिला. चार, पाच, सहा.

नखावरची शाई वर सरकत गेली,
परवा नेलकटरने उरलेली कड काढली.
चेंबर उघडंच आहे.
कुणी तरी त्यात बाभळीची फांदी रोवलीय,
फांदीला फाटक्या फ्लेक्सची चिंधी,
चिंधीवर एक डोळा,
शाळेची पोरं त्याला वळसा घालून जातात.