इतिवृत्त

मार्चचा दुसरा मंगळवार. संध्याकाळचे सहा.
टेनी हार्बरच्या नगर कार्यालयात हीटर खोकतो आहे
आणि मी, मेनच्या या टोकाला येऊन पडलेली पगारी लेखनिक,
तारीख घालून कोरं पान उघडते.
विषय: शिंपल्यांच्या चिखलपट्ट्या, येता हंगाम.
हजर: सात. पैकी बायका दोन,
मध्ये पाच पुरुष आणि नऊ वर्षांचा अबोला.
ओरिला स्प्रॅगच्या बुटांचा चिखल
दारापासून तिच्या खुर्चीपर्यंत आला आहे.
तो हजेरीत धरत नाहीत.

तेहतीस वर्षं ती ओहोटीमागे चालते,
आखूड दांड्याचं खोरं घेऊन, कंबरेत दुमडलेली.
पहिली बावीस वर्षं परवाना नवऱ्याचा होता,
कंबर हिची.
आमच्या खाडीत सुकतीला बायका तिसऱ्या काढायला उतरायच्या,
पाणी भांगाचं की उधाणाचं, त्यांच्या पोटऱ्यांना आधी कळायचं.
तेव्हा कुणी मला विचारलं असतं,
खाडी कुणाची,
तर मी होड्यांकडे बोट दाखवलं असतं.

ओरिला पिशवीतून कागद काढते:
टायरच्या दुकानाची फुकट कॅलेंडरं, बारा वर्षांची,
पाठकोऱ्या बाजूला पेन्सिलीचे आकडे.
एक फूट लांब, एक फूट रुंद चौकट चिखलात रोवायची,
आतला चिखल चाळायचा
आणि मसुरीएवढं बी मोजायचं.
पहिल्या साली एकोणसाठ.
मग चव्वेचाळीस. मग एकतीस.
मग हिरव्या खेकड्यांचा तो उन्हाळा: नऊ.
गेल्या ऑक्टोबरात दोन.
"त्यातली एक मेलेली होती," ती म्हणते,
"पण मी धरली."

"राज्याचा माणूस येतोय मेमध्ये,
मोजायचं ते तो मोजेल," लोवेल म्हणतो.
कुणीतरी हसतं.
हसू इतिवृत्तात घेत नाहीत.

मग ती ठराव मांडते:
गिली क्रीकच्या तोंडाची पट्टी दोन वर्षं बंद ठेवावी,
जाळी अंथरून नवं बी लावावं.
आता कुणी हसत नाही.
ती पट्टी तिचीच तर आहे,
म्हणजे गावाची, पण खोरं तिचं चालतं तिथे;
ट्रकचा हप्ता, छपराची डागडुजी, मुलाचे दात
सगळं त्याच चिखलातून वर आलेलं.

"अनुमोदन?" अध्यक्ष विचारतात.
भिंतीवरचं भरतीचं घड्याळ पुढे सरकतं.
"अनुमोदन आहे का कुणाचं?"
पाचही पुरुष आपापल्या टोप्यांकडे बघतात.

"माझं," पलीकडून टॅमसिन म्हणते.
ओरिलाची नणंद.
एका होडीच्या वाटणीवरून तुटलेली.
वर बघत नाही. नखातला चिखल कोरत राहते.

चार विरुद्ध तीन. ठराव मंजूर.
मी लिहिते: चर्चा झाली.
हे दोन शब्द मला शिकवलेत,
यांच्या पोटात काहीही मावतं,
बारा वर्षंसुद्धा.
आज त्यांच्याखाली मी आकडे उतरवून घेते,
एकोणसाठपासून,
कुणी सांगितलं नसताना.

बाहेर पार्किंगमध्ये बर्फ मळका झाला आहे.
दोघी आपापल्या ट्रकपाशी, मध्ये माझी गाडी.
मी किल्ली शोधत असल्यासारखी उभी.
"मेलेली धरायची नसते," टॅमसिन म्हणते.
"काय?"
"मोजताना. मेलेली धरत नाहीत."
ओरिला दार उघडते, बंद करते, पुन्हा उघडते.
"मग एक," ती म्हणते.
"एक," टॅमसिन म्हणते,
आणि ट्रक चालू करते.

मी परत आत गेले,
दिवा लावला,
दोन खोडून एक केला.