दहावा निरोप

गदारिफच्या वॉर्डात पोटावर बॉलपेननं रेघ ओढतात.
पानथरी कुठवर पोचली, त्याची ती वेस.
तिजानीच्या पोटावर पहिली रेघ
बेंबीखाली चार बोटं.
हातपाय मात्र धाटासारखे,
कणसं खुडून नेल्यावर ज्वारीचं उरतं तसे.

त्याची आई बखीता विचारते,
आत एवढं काय वाढलंय?
मी म्हणते, गर्दी.

पाऊस संपला की इथली काळी जमीन
हात जाईल इतकी फाटते.
भेगांतून संध्याकाळी निघते वाळूमाशी,
आवाज नाही, तिळाएवढीही नाही.
तिजानी बाभळीखाली गुरं राखता राखता झोपलेला.
तिनं काय दिलं ते त्याला कळलं नाही.
त्याच्या रक्तातल्या राखणदारानं मात्र ओळखलं,
धरलं, गिळलं,
भट्टी पेटवायला हात घातला, तेवढ्यात
निरोप आला: पुरे.

हा निरोप मी मोजते. तेच माझं काम.
इंटरल्युकिन-दहा. प्लेटमधल्या इवल्या वाट्यांत पिवळा रंग चढतो,
जितका गडद, तितक्या वेळा कुणीतरी म्हणालंय
पुरे, आवरा, जाऊ द्या, घर आपलंच आहे.
तिजानीची वाटी हळदीसारखी.
जनरेटर मध्येच बंद पडला म्हणून परत मोजलं.
आकडा तोच.

नवा डॉक्टर इद्रिस चिडतो.
कुंपणच शेत खातंय म्हणायचं हे.
खात नाही, मी म्हणते,
नुसतं सगळ्यांची समजूत घालत बसलंय.
आणि चोर राखणदाराच्याच पोटात
जेवून, झोपून, एकाचे दोन, दोनाचे चार.
मग निरोप्यालाच गाठू या, तो म्हणतो,
त्याचंच तोंड बंद करू.

मी उत्तर देत नाही.

माझ्या बहिणीला वद मदनीत मुलगी झाली होती, समर.
तिसऱ्या आठवड्यापासून लंगोटात रक्त.
आतडं पेटायचं ते दुधावर, मग नुसत्या पाण्यावर,
मग कशावरच नाही, उगाच.
नमुना दूरदेशी गेला. उत्तराला पाच महिने लागले.
निरोप तयार होतो, त्यात लिहिलं होतं, भरपूर होतो.
पेशीच्या दाराला तो ऐकणारा कानच नाही.
तोवर समर नव्हती.
त्या कागदाची घडी बहिणीनं अजून मोडलेली नाही.

निरोप धाडतात. निरोप घेतातही.
शब्द एकच, हे मला तेव्हा नको झालं.

सतरा दिवस, रोज दोन सुया.
दुसरीला तिजानी शिवी देतो,
बखीता ऐकलं नाही असं दाखवते.
रेघ बेंबीवर येते. बेंबीच्या वर. मग बरगडीच्या काठाशी.
खालच्या जुन्या रेघा तशाच,
पूर ओसरल्यावर भिंतीवर राहतात तशा.
वाटीतला पिवळाही फिकटतो. सावकाश.
इद्रिस रोज येऊन बघून जातो, बोलत नाही.

अठराव्या दिवशी पोरगा बोटं चाटून किसरा खातो
आणि विचारतो, आज रेघ नाही?
आज ओढायला काही उरलं नाही रे.
तो माझ्या खिशातलं पेन उपसतो,
मनगटावर घड्याळ काढतो, काटे नसलेलं,
मग आरशाशिवाय, गंमत म्हणून,
ओठांभोवती ठिपके. एक, दोन, सहा.

काळा आजार गेल्यावर काही मुलांच्या तोंडाभोवती
असेच उठतात, महिन्यांनी.
रक्तातून गेलेला निरोप कातडीत रेंगाळतो.
त्याला ठाऊक नाही.
बखीताला मी अजून सांगितलेलं नाही.

स्पिरिटचा बोळा घेऊन मी घासते.
गुदगुल्या होतात म्हणून तो हसतो.
पुरे, म्हणतो. पुरे ना.
मी घासत राहते.