शंभराला एक

ओतीव लोखंड निवताना आखडतं,
शंभराला एक.
म्हणून आम्हा पॅटर्नवाल्यांची पट्टी मुद्दाम खोटी असते,
तिचा इंच इंचापेक्षा केसभर मोठा.
उद्यमनगरात एकतीस वर्षं
मी खोट्या पट्टीनं खरं माप काढतोय.
शंभराला एक. लोखंड तेवढंच खातं.
फायनान्सवाला महिन्याला तीन खायचा.

पुराच्या साली दुधाळीतल्या खोलीत
लोकांचं बुडालं, माझे सागवानी पॅटर्न तरंगले.
तरी गेलेच.
पाणी प्यालेलं लाकूड माप विसरतं.
नव्या लाकडाला चाळीस हजार उचलले,
सात हप्ते चुकले,
आणि फटफटीवरून यायला लागला बाबासो मगदूम.
दारात उभा राहून मोठ्यानं बोलायचा,
चार घरं ऐकतील असं. पगार त्याचाच होता त्याला.
एकदा सुलभानं आत बोलावून थालीपीठ वाढलं.
नंतर नुसता हॉर्न वाजवायचा.

फिटलं. शेवटचे अकरा हजार तीनशे चाळीस
त्याच्या हातात, पावती माझ्या हातात.

चार वर्षांनी शर्वरीच्या फीसाठी बँकेत गेलो.
साहेबांनी स्क्रीन माझ्याकडं वळवली.
सिबिल.
माझं नाव, माझी जन्मतारीख,
त्याखाली एक ओळ: थकीत, वसुलीकडे वर्ग.
"भरलेत की ओ सगळे."
"पावती?"

पावती होती. देव्हाऱ्याखालच्या डब्यात,
हळदीकुंकवाच्या पुडीशेजारी.
उलगडली तर पांढरी.
तसला मशीनचा कागद उडतोच म्हणे, ऊन न लागतासुद्धा.
भरल्याची शाई चार वर्षांत गेली,
थकल्याची जागची हलली नाही.

अर्ज केला. तीस दिवसांनी उत्तर:
माहिती पडताळली, बरोबर आहे.
कुणाला विचारून?
फायनान्सनं माझं खातं पुण्यातल्या कुणाला तरी विकलेलं.
त्यांच्या फोनवरची पोरगी गोड बोलायची,
सतरा आकडे विचारायची
आणि अठराव्याला लाईन कट.

मगदूम सापडला कावळा नाक्याला,
रस्त्याकडेला हेल्मेट विकत.
आधी त्यानंच ओळखलं. मान खाली घातली.
मी विषय काढला तसं
पेटीतून एक फुगलेली डायरी काढली.
"कंपनीनं माझं कमिशन बुडवलंय, दादा.
म्हणून सगळं लिहून ठेवलंय मी."
तारीख. रक्कम. पावती नंबर. माझी सही.
कोपऱ्यात पेन्सिलीनं: चहा घेतला नाही, घाई होती.

दुसऱ्या दिवशी मला मागं बसवून
स्टेशन रोडच्या ऑफिसात घेऊन गेला.
दारातच उभा राहिला
आणि बोलला, मोठ्यानं,
चार काउंटर ऐकतील असं.
पायऱ्या उतरताना म्हणाला,
"आवाज आहे अजून."

नादेय पत्र मिळालं. पुन्हा अर्ज. एक्केचाळीस दिवस.
मग नवा रिपोर्ट आला
आणि ती ओळ नव्हती.
खाडाखोड नाही, "फिटले" असंही नाही.
खालची ओळ वर सरकून बसलेली,
जणू पूर आलाच नव्हता,
कुणी हॉर्न वाजवलाच नव्हता दारात.

सुलभानं विचारलं, "काय लिहिलंय?"
"काही नाही."
"काही नाही लिहून घ्यायला सहा महिने पळालात?"
"होय."
ती हसली, पीठ मळत राहिली.

शर्वरीनं मात्र डायरीच्या त्या पानाची
तीनदा झेरॉक्स काढली. ती उडत नाही म्हणाली.
एक बँकेच्या फायलीला,
एक देव्हाऱ्याखाली,
एक मी दुमडून ठेवलीय
खोट्या पट्टीच्या म्यानात.
पट्टी काढताना रोज थोडी बाहेर येते,
पेन्सिलीच्या बाजूनं.