हात बसेपर्यंत

ग्रिम्सबीच्या गोदीत पहाटे साडेपाचला पोचले तेव्हा
माझ्या बॅगेत पाच रंगांची पाच पानं होती :
विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन.
पायात दोन नंबर मोठे, उसने गमबूट.

नॉर्मन टास्कर. त्रेचाळीस वर्षं हॅडॉक कापतोय.
मार्चमध्ये रिटायर.
कंपनीला त्याच्या हातातलं सगळं
बारा आठवड्यांत
दुसऱ्या सहा हातांत हवंय.

आधी काय, मी विचारलं.
"सुरीला धार."
मग?
"मग मासा कापायचा."
वहीत दोनच पायऱ्या झाल्या.

व्हिडिओ घेतला. रात्री गेस्टहाउसच्या खोलीत
हळू, अजून हळू करून पाहिला.
चौदा सेकंदांत एकतीस हालचाली.
सतराव्या हालचालीपाशी त्याचा अंगठा थांबतो,
पापणी लवावी इतकाच.
सकाळी त्याला दाखवलं. इथे काय करता?
तो पडद्याकडे
दुसऱ्याच कुणाचा हात असावा तसा पाहत राहिला.
"ऐकतो," शेवटी म्हणाला. "काटा टिकटिकतो."

उद्दिष्टाला क्रियापद लागतं, मोजता येणारं.
ओळखेल. कापेल. वेगळं काढेल.
'समजेल' चालत नाही,
'उमगेल' तर दारातूनच परत.
'ऐकेल' लिहिलं, खोडलं,
पुन्हा लिहिलं, समोर प्रश्नचिन्ह टाकलं.

आमच्याकडे काम जमू लागलं की हात 'बसतो'.
हे मी नॉर्मनला सांगितलं, चहाच्या सुट्टीत.
तो हसला :
इथे आठ तास बाकी कुणालाच बसायला मिळत नाही.

सांगलीच्या शिवणक्लासात मोडकबाई
कापडाला कात्री लावू द्यायच्या नाहीत.
पंधरा दिवस नुसती रद्दी. बाह्या रद्दीच्या, गळे रद्दीचे,
कालच्या बातम्यांचा एक अख्खा परकर.
"चुका आधी स्वस्त करून घ्या गं पोरींनो."
नंतर लेस्टरला दोन वर्षं फी भरून
मी हेच शिकले, तक्त्यांसकट.

म्हणून पहिले दोन आठवडे : व्हायटिंग, तोही फुटका.
तिसऱ्यापासून हॅडॉक.
नॉर्मन शेजारी, कोपराला कोपर लावून.
पाचव्यात एक फरशी मागे.
सातव्यात तीन.
नवव्यात बर्फाच्या मशीनपाशी.
परांची उतरवायची असते, हे पुस्तकात आहे.
बाण काढलाय, खालच्या दिशेचा.
तारीख दिलेली नाही.

कॅलमला चाचणीत वीसपैकी वीस.
त्याच्या फिलेटमध्ये काटे : सात.
रासा, क्लायपेडाची, तीन प्रश्न कोरे सोडून उठली.
'तिरपा' या शब्दावर अडली होती;
सुरी तिरपीच धरली होती तिने, पहिल्या दिवसापासून.
चाचणी मी तयार केली होती.
त्या रात्री मी सगळे प्रश्न पुसले
आणि मग बराच वेळ
रिकाम्या पानाला काय विचारावं ते सुचेना.

अकराव्या आठवड्यात नॉर्मन बाहेर गेला, सिगरेटीला.
खरं तर सोडून सहा वर्षं झाली होती त्याला.
दाराच्या काचेतून पाठ दिसत होती,
आत बघायचं नाही असं ठरवलेली पाठ.

रासाने मासा पालथा केला.
सुरी कल्ल्यामागून आत, कण्याला घासत.
पट्टा घरघरत होता, रेडिओवर कुणी हवामान सांगत होतं,
आणि त्या गदारोळात
तिचा अंगठा
थांबला.

मी कुणालाच काही बोलले नाही.
पाचव्या पानावर, मूल्यमापनाच्या चौकटीत
मराठीत लिहिलं : हात बसला.

दुपारी मॅनेजर बाईंनी विचारलं,
ही कुठली श्रेणी?
खोडलं.
लिहिलं, पाचपैकी चार.