नाव सुचवलंय

रविवारी उपासनेनंतर ओहोळबाईंनी
वडीलपदासाठी माझं नाव सुचवलं
आणि दाराशी उभ्या चार-पाच जुन्या माणसांनी
एकदम घसा साफ केला.
त्यांना आठवतं.
परळच्या त्या बारक्या गल्लीत,
जिथे देवळाच्या भिंतीला टायरवाल्याचं दुकान टेकलंय,
कुणी काही विसरत नाही.

पाळक रणपिसेंनी मला बसवून यादी सांगितली.
बोट ठेवायला जागा नसलेला. नेमस्त.
आल्यागेल्याला पाट मांडणारा.
पैशाला न भुलणारा. घर नीट चालवणारा.
अनोळखी इमारतीत दारादारावरची पाटी वाचावी
तसा मी एकेका शब्दापाशी थांबत गेलो,
आणि शेवटच्या दारावर वडिलांचं नाव होतं.

शांतवन पारधे.
वजनमाप खात्यात शिपाई.
भायखळ्याच्या बाजारात साहेबाच्या मागे उभे राहून
किलोच्या पोटातल्या शिशावर शिक्का ठोकायचे,
आणि शनिवारी त्याच हातांनी
प्रभुभोजनाचे पेले घासायचे, एकेक, उजेडाकडे धरून.
कुणाचं मूल तापलंय, कुणाचं भाडं थकलंय,
कुणाची सून दोन रविवार दिसली नाही,
सगळं त्यांच्या खिशात, बसच्या तिकिटांच्या पाठीवर.
सगळ्यांचे वडील.
मला त्याचा राग यायचा.

एकोणीसचा होतो.
कापणीच्या सणाचा लिलाव झाला होता:
एक कोहळा, दोन कोंबड्या,
आणि शिरसाटमावशींचा शेवयांचा डबा,
जो घेणारा पुन्हा दान करायचा
आणि जो दरवर्षी तीनदा विकला जायचा.
पाकीट आमच्या कपाटात, चादरींखाली.
अकराशे चाळीस रुपये.
महालक्ष्मीला चौथ्या शर्यतीत
माझा घोडा तिसरा आला.
घरी चालत आलो. बसलाही पैसे नव्हते.

कमिटीपुढे त्यांनी माझं नाव घेतलं नाही.
‘माझंच घर माझ्या हातात नाही,’ एवढं म्हणाले,
देवळाच्या चाव्यांचा जुडगा टेबलावर ठेवला,
मग परत उचलला,
आमच्या खोलीची चावी त्यातच होती.
ती सोडवताना अंगठ्याचं नख उलटलं.
सगळे बघत होते. कुणी मदत केली नाही,
मीही नाही.

अकरा महिने पगारातून फेडलं.
रविवारी शेवटच्या बाकावर बसू लागले,
आणि सोमवारी, कुणी निरोप न देता,
शिवडीला म्हाताऱ्या अमोलिकांच्या मातीला गेले,
पेटीचं मागचं टोक, जड बाजू.
पद सोडलं होतं.
काम सोडायचं त्यांना सुचलंच नसावं.

मी त्या वर्षी रात्री दोनला यायचो, तीनला यायचो.
कडी कधी लावलेली नसे.
ताटाखाली झाकलेली भाकरी,
आणि अंधारात खाटेवरून एक खोकला.
एका शब्दानं कधी विचारलं नाही.
विचारलं असतं तर भांडायची सोय झाली असती.

घर नीट चालवणारा, म्हणे.
ज्यानं ही अट घातली
त्याला पोरगा होता का, मला ठाऊक नाही.

काल ओहोळबाईंना फोन केला.
म्हटलं, बाई, तुम्ही तेव्हा कमिटीत होता.
म्हणाल्या, ‘पैसे मोजून घेणारी मीच.
शेवटच्या हप्त्यात पाच रुपये जास्त निघाले,
परत द्यायला गेले तर घेईनात.
म्हणाले, पोराच्या नावानं टाका पेटीत.’
मग इकडचं तिकडचं बोलल्या. गुडघे. पाण्याची वेळ.
ठेवता ठेवता: ‘बुधवारपर्यंत कळव.’

आज मंगळवार, बारा वाजून गेलेत.
कागद पुढ्यात घेऊन बसलोय.
‘आदरणीय पाळकसाहेब’ इतकं लिहून झालंय.
रूथ अजून आलेली नाही.
तिचा फोन बंद आहे. गेला महिनाभर
ती माझ्याशी हो-नाहीपलीकडे बोललेली नाही
आणि चूक बहुधा माझी आहे.
बायको म्हणते, झोपा, कडी लावून घ्या,
वाजवेल बेल.

उठलो.
गॅसवर आमटी होती, ती झाकली.
कडी काढून ठेवली.
खाटेवर आडवा झालो, आणि उगाच
घसा खाकरून पाहिला.